गाडीला चावी तशीच राहिली आणि गाडी चोरीला गेली: क्लेम मिळतो का?

रानडे_रोड

नमस्कार. सोसायटीतल्या एका काकांसाठी विचारतो आहे. परवा संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास दादर पश्चिमेला रानडे रोडवर त्यांचा पगारी ड्रायव्हर औषधं घ्यायला खाली उतरला. इंजिन बंद केलं होतं, पण चावी इग्निशनलाच राहिली आणि दारं लॉक नव्हती. केमिस्टचं दुकान दहा-बारा पावलांवर. पैसे देऊन वळेपर्यंत गाडी गेलेली.

तपशील देतो. पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, साडेचार वर्षांची. पॉलिसी चालू आहे, आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) ४,२०,०००. बँकेचं कर्ज साधारण १,६०,००० बाकी. ड्रायव्हरने जागेवरूनच ११२ ला फोन केला, रात्री साडेदहाला एफआयआर झाला. विमा कंपनीला अजून कळवलेलं नाही. काका म्हणतात आधी माहिती घेऊ, मग बोलू.

विचारायचं ते असं: ड्रायव्हरचा हलगर्जीपणा म्हणून कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते का? दुसरं, एफआयआरमध्ये "उभी केलेली गाडी अज्ञात इसमाने चोरून नेली" एवढंच आहे, चावीचा उल्लेखच नाही. ओळखीचा एकजण सांगतो की ते तसंच राहू द्या, कंपनीला "लॉक करून गेला होता" म्हणा आणि दुसरी चावी मागेच हरवली म्हणून सांगा. हे चालेल का? आणि बँकेचे हप्ते आता भरायचे की थांबवायचे?

क्लेम_डेस्क

पुढचं वाचण्याआधी कंपनीला कळवा. टोल फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर घ्या आणि त्याच तासात ईमेलही टाका. पॉलिसीच्या अटीत "लेखी" सूचना म्हटलेलं आहे, त्यामुळे नुसता फोन पुरत नाही. ईमेलमध्ये पॉलिसी नंबर, गाडी नंबर, चोरीची तारीख-वेळ-जागा, ११२ ला फोन केल्याची वेळ आणि एफआयआर क्रमांक एवढं लिहा. दोन दिवस गेले आहेत, ते का गेले तेही एका वाक्यात खरं लिहा. कागदपत्रं मागाहून देता येतात, कळवणं मागाहून चालत नाही.

मग पॉलिसी काढून दोन गोष्टी बघा. चोरीची भरपाई "ओन डॅमेज" या भागातून मिळते. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानापुरती) असेल तर चोरीला एक रुपयाही नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण सोबतचा ओन डॅमेज बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत थर्ड पार्टीची दिसते आणि ओन डॅमेज संपलेला असल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. काकांची गाडी त्या वयाच्या पुढे गेली आहे, आयडीव्हीही छापलेली आहे, तरी ओन डॅमेजची मुदत वेगळी तपासा.

दुसरी गोष्ट नावाची. आरसी आणि पॉलिसी दोन्ही काकांच्याच नावावर आहेत ना? गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली असेल, तर कायद्याने आपोआप बदली होतो तो फक्त थर्ड पार्टी भाग. चोरीचा भाग आपोआप येत नाही, त्यासाठी कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. चावीच्या चुकीपेक्षा या कारणाने क्लेम जास्त पक्का बुडतो.

आता हलगर्जीपणा. पॉलिसीत "अपवाद" वेगळे आणि "अटी" वेगळ्या छापलेल्या असतात. निष्काळजीपणाने झालेली चोरी अपवादांच्या यादीत नाही. अटींमध्ये मात्र एक कलम आहे: वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी मालकाने सर्व वाजवी काळजी घ्यावी. कंपनीचं नकाराचं पत्र आलं तर ते याच कलमावर बोट ठेवून येईल. सगळा वाद "वाजवी" या एका शब्दाभोवती फिरतो.

चावी हरवली असं सांगायचा सल्ला देणाऱ्या माणसाला आता या प्रकरणातून दूर ठेवा.

फोर्ट_वकील

वरचं बरोबर आहे, त्याला कायद्याची बाजू जोडतो.

तुमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, जुलै २०२३ चा. प्रतिवादी न्यू इंडिया अश्युरन्स होती. ट्रकचा ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला, चावी इग्निशनला राहिली, ट्रक चोरीला गेला. कंपनीने वाजवी काळजीची अट मोडली म्हणून पूर्ण क्लेम नाकारला होता. न्यायालयाने त्या चुकीपोटी सगळा क्लेम बुडवायला नकार दिला आणि ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. याला क्लेमच्या भाषेत "नॉन-स्टँडर्ड बेसिस" म्हणतात.

ही ७५ टक्क्यांची वाट जुनी आहे. नॅशनल इन्शुरन्सच्या २००८ च्या खटल्यात खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवताना पळवली गेली होती. अट मोडली होती, पण त्या मोडण्याने चोरी झाली नव्हती, म्हणून तिथेही ७५ टक्के दिले गेले.

कळवायला उशीर झाल्याबद्दल २४ जानेवारी २०२० चा तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे. एफआयआर त्याच दिवशी झाला होता, कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं, तरी नुसत्या उशिरावरून क्लेम नाकारता येणार नाही असं ठरलं. २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात हा उशीर सुमारे पाच महिन्यांचा होता, तरी तेच. म्हणून तुमचे दोन दिवस ही मोठी अडचण नाही. पण त्या प्रकरणात चोरी २००७ ची आणि अंतिम निकाल २०२२ चा, हेही ध्यानात ठेवा. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून ढिलाई केली तर पंधरा वर्षं लागू शकतात.

अट मोडल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. तुमचा भाग एवढाच की जे झालं ते पहिल्या कागदापासून एकसारखं असायला हवं.

तपासनीस_माहीम

वकीलसाहेबांच्या निकालांना माझा विरोध नाही, पण ७५ टक्के खिशात आले असं समजू नका. चावी गाडीत ठेवल्याच्या कारणावरून क्लेम पूर्ण नाकारण्याचे कंपन्यांचे निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही उचलून धरलेले आहेत. फरक कुठे पडतो ते सांगतो, कारण कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर नेमकं तेच विचारायला येणार आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. ड्रायव्हर गाडीपासून किती पावलं होता? गाडी त्याला दिसत होती का, की पाठ होती? दुसरा वेळेचा. दोन मिनिटं गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवून उतरणं ही क्षणभराची चूक धरली जाते. रात्रभर गल्लीत चावीसकट उघडी सोडली तर ती बेपर्वाई, आणि तिथे ७५ टक्क्यांचा आधारही डळमळतो. तिसरा, इंजिन चालू होतं की बंद. चौथा, ड्रायव्हरने पुढच्या पाच मिनिटांत काय केलं. तुमच्याकडे ११२ चा कॉल आहे, तो सोन्याचा पुरावा आहे. ड्रायव्हरच्या मोबाईलच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. केमिस्टच्या बिलावर वेळ छापलेली असते, ते बिल जपा. बिलाची वेळ आणि कॉलची वेळ यांत तीन-चार मिनिटांचं अंतर दिसलं की "गाडी बेवारस सोडली" हा मुद्दा उभा राहत नाही.

सीसीटीव्हीसाठी उद्यापर्यंत थांबू नका. दुकानांच्या रेकॉर्डरमध्ये जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी आठवडाभरातच. पोलिसांना लेखी विनंती द्या की अमुक दुकानाचं आणि सिग्नलचं फुटेज जप्त करावं, आणि त्या अर्जावर पोच घ्या.

आता चावी. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते ती उगाच नाही. एक चावी कमी पडली की ती गाडीत होती, किंवा गाडी विकून टाकली, असे दोनच संशय निघतात. त्यावर "मागेच हरवली" म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो: हरवल्याची तक्रार कुठे आहे? मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करायची सोय आहे आणि तिच्यावर तारीख पडते. चोरीनंतरच्या तारखेची नोंद म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. तिकडे फुटेजमध्ये चोर दार सहज उघडून, काच न फोडता, पंधरा सेकंदांत गाडी काढताना दिसला तर लॉकची गोष्ट तिथेच संपते. मग विषय निष्काळजीपणाचा राहत नाही, खोट्या क्लेमचा होतो. खोटं निवेदन सापडलं की पॉलिसीखालचे सगळे हक्क जातात आणि मग ७५ टक्के मागायला तोंड उरत नाही. चुकीला सवलत आहे, खोट्याला नाही.

फोर्ट_वकील

माहीमकरांशी सहमत. पूर्ण बुडण्याचं एक उदाहरण मीही द्यायला हवं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये युनायटेड इंडियाच्या प्रकरणात नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती, कायम नोंदणी झाली नव्हती, आणि गाडी चोरीला गेली. तिथे ७५ टक्केही नाही, शून्य. नोंदणी नसणं हा कराराच्या मुळावरचाच भंग धरला गेला. चावी विसरणं त्या पायरीचं नाही.

एफआयआरबद्दल: तो बदलता येत नाही, पण त्यात भर घालता येते. ड्रायव्हरने तपास अधिकाऱ्याकडे जाऊन पुरवणी जबाब द्यायचा. मजकूर साधा: मी इंजिन बंद केले, चावी इग्निशनला राहिली, दरवाजे लॉक केले नव्हते, मी अमुक दुकानात साधारण इतकी मिनिटे होतो, दुकान गाडीपासून इतक्या अंतरावर आहे. "निष्काळजीपणे सोडली" असले विशेषण कुणी आग्रह केला तरी लिहू नये, घटना लिहावी. जबाब वाचून मगच सही. हा जबाब क्लेम फॉर्म भरण्याआधी झाला पाहिजे, म्हणजे फॉर्म, जबाब आणि इन्व्हेस्टिगेटरला दिलेलं निवेदन तिन्ही जुळतात.

कलमही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीला कलम ३०३. चुकून फौजदारी विश्वासघात म्हणजे ३१६ किंवा फसवणूक म्हणजे ३१८ लागलं असेल तर कंपनी म्हणेल की पॉलिसीत चोरी आहे, विश्वासघात नाही. ओळखीच्याला गाडी दिली आणि त्याने परत केली नाही, टेस्ट ड्राइव्हला आलेला घेऊन गेला, अशा प्रकरणांत हाच घोळ होतो. तुमच्याकडे सरळ चोरी आहे.

रानडे_रोड

सगळ्यांचे आभार. कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही झालं, क्लेम नंबर मिळाला. आरसी-पॉलिसी काकांच्याच नावावर आहे, ओन डॅमेज अजून पाच महिने चालू आहे. ड्रायव्हर उद्या सकाळी जबाबाला जातोय. घरी एक चावी आहे, दुसरी गाडीसोबत गेली. कागदपत्रांचं आणि बँकेचं कुणी सांगेल का? आणि हातात नेमके किती येतील?

क्लेम_डेस्क

हिशेब आधी, म्हणजे काकांची अपेक्षा योग्य जागी राहील. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला सक्तीची वजावट १,००० रुपये. पूर्ण क्लेम मंजूर झाला तर ४,१९,०००. नॉन-स्टँडर्ड झाला तर ४,२०,००० चे ७५ टक्के ३,१५,०००, त्यातून वजावट जाऊन ३,१४,०००. पॉलिसीत ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही जाईल. हायपोथिकेशन (गाडी बँकेकडे तारण) असल्यामुळे पहिला हक्क बँकेचा. तिचे १,६०,००० गेले की काकांच्या हातात साधारण १,५४,०००. झिरो डेप असला तरी चोरीत त्याचा उपयोग नाही, तो सुट्या भागांच्या घसाऱ्यासाठी असतो. बिलाची पूर्ण किंमत देणारं "रिटर्न टू इनव्हॉइस" कव्हर असतं, पण ते पहिल्या काही वर्षांतच मिळतं, साडेचार वर्षांच्या गाडीला असण्याची शक्यता कमी. डिकीत लॅपटॉप वगैरे असेल तर तो मूळ पॉलिसीत येत नाही.

हप्ते थांबवू नका. क्लेमला महिने लागतात, आणि कर्जाचा करार गाडी चोरीला गेली म्हणून थांबत नाही. हप्ता चुकला की दंडव्याज चढतं, काकांचा सिबिल खराब होतो आणि क्लेमच्या पैशातून बँक जास्त कापते. बँकेला चोरीचं लेखी कळवा आणि थकबाकीचं पत्र मागून ठेवा.

चावीसाठी एक साधं पत्र करा: मूळ चाव्या दोन, पैकी एक चोरीच्या वेळी गाडीतच होती (पुरवणी जबाब पाहावा), दुसरी सोबत जोडली आहे. चावी देण्याआधी तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

ताडदेव_आरटीओ_कामं

कागदांचं मी सांगतो. आरटीओला लगेच अर्ज द्या, सोबत एफआयआरची प्रत, म्हणजे "वाहन" या सरकारी पोर्टलच्या नोंदीत गाडी चोरीची म्हणून अडते आणि कुणी ती दुसऱ्याच्या नावावर चढवू शकत नाही. ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथेच द्यायचा: एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली.

क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, एफआयआर, चावी, काकांचे ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक ही पहिली खेप. कंपनी फॉर्म २८, २९, ३० (गाडी नावावर बदलण्याचे) वर सह्या मागेल आणि कर्ज असल्यामुळे फॉर्म ३५ (बँकेचा बोजा काढण्याचा) व बँकेची एनओसीही. स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याची हमी) आणि हक्क कंपनीकडे सोपवण्याचं पत्र, ज्याला सब्रोगेशन लेटर म्हणतात, ही शेवटची खेप. कोऱ्या फॉर्मवर सह्या देताना घाबरू नका, पण प्रत्येकावर गाडी नंबर आणि "चोरीच्या क्लेमसाठी" असं लिहून मगच द्या.

ज्या कागदाने क्लेम अडकतो तो म्हणजे पोलिसांचा शेवटचा अहवाल. आपल्याकडे त्याला अ समरी म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी आणि माल सापडला नाही. ब समरी म्हणजे तक्रारच खोटी, ती आली तर क्लेम संपला. अ समरी पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि कोर्टाने मान्य केल्याची प्रत कंपनीला लागते. पोलीस ठाण्यात साधारण तीन महिन्यांनी विचारायला सुरुवात करा. अहवाल कोर्टात गेला की त्याचा क्रमांक घ्या आणि प्रमाणित प्रतीसाठी काकांनी स्वतः अर्ज करावा. "येईल पोस्टाने" म्हणून बसलात तर वर्ष जाईल.

फास्टॅगचंही बघा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर कारला टोल नाही, त्यामुळे गाडी दहिसर किंवा मुलुंडवरून बाहेर गेली तर मेसेज येणार नाही. पण द्रुतगती मार्गावर खालापूरला किंवा अहमदाबाद महामार्गावर खानिवड्याला पैसे कापले जातात. परवा रात्रीपासूनचं स्टेटमेंट काढा आणि एक जरी नोंद दिसली तरी वेळेसकट तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. ते झाल्यावर टॅग बंद करा.

माटुंगा_मेकॅनिक

पुश बटणच्या गाड्यांसाठी थोडं लिहितो, कारण वाचणारे बरेच जण म्हणतील आमच्याकडे चावीच लावावी लागत नाही. इंजिन चालू ठेवून रिमोट खिशात घेऊन उतरलात तर गाडी बंद पडत नाही. रिमोट लांब गेल्याचा फक्त बीप आणि इशारा येतो. चोर ती इंजिन बंद करेपर्यंत कितीही लांब नेऊ शकतो. म्हणजे "चावी तर माझ्याजवळ होती" हे खरं असलं तरी काळजी घेतली असं होत नाही. उतरताना इंजिन बंद, लॉक, हँडल ओढून बघणं, एवढं तीन सेकंदांत होतं.

मान्यताप्राप्त अँटी-थेफ्ट यंत्रासाठी ओन डॅमेज प्रीमियमवर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट असते. ही सूट पॉलिसीत घेतलेली दिसते आणि गाडीत यंत्र बसवलेलंच नाही असं निघालं, तर पाचशे रुपयांसाठी चार लाखांवर वाद होतो. काकांच्या पॉलिसीत ती ओळ आहे का बघा. असेल तर यंत्र बसवल्याचं बिल शोधा.

रानडे_रोड

ती सूट नाही, तपासलं. जबाब झाला, पोच मिळाली, केमिस्टच्या फुटेजसाठी अर्जही दिला. दोनच प्रश्न उरले. कंपनीने तरीही पूर्ण नकार दिला तर मुंबईत कुठे जायचं? आणि मध्येच गाडी सापडली तर?

फोर्ट_वकील

नकार लेखीच घ्या, कारण आणि कलम लिहिलेला. फोनवरचा नकार हा नकार नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. काकांसारख्यांना मी ही वाट आधी सुचवतो, पण एक लक्षात ठेवा: तोच वाद ग्राहक आयोगात दाखल केलात तर लोकपालांकडे तो चालत नाही.

ग्राहक आयोगाला मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि अधिकारक्षेत्र भरलेल्या रकमेवर म्हणजे प्रीमियमवर ठरतं, त्यामुळे वरच्या आयोगात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. तक्रारीत पूर्ण आयडीव्ही मागा आणि पर्यायी मागणी म्हणून ७५ टक्के लिहा. ७५ ची ऑफर आधीच आली आणि ती घ्यायची असेल तर "पूर्ण व अंतिम" वर सही करण्याआधी विचार करा, नंतर उरलेले २५ मागणं फार कठीण जातं. माझं वैयक्तिक मत, चावी इग्निशनला होती हे मान्य असताना कंपनीने स्वतःहून ७५ दिले तर काकांनी घ्यावेत.

तपासनीस_माहीम

गाडी क्लेम मिळण्याआधी सापडली तर ती काकांचीच. कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (मागितल्यास गाडी हजर करण्याच्या हमीवर) ताबा घ्यायचा, आणि ताबा घेण्याआधी कंपनीला कळवून सर्व्हेयर (नुकसान मोजणारा) पोलीस ठाण्याच्या आवारातच बोलवायचा. तुटलेला लॉक, गेलेली बॅटरी, स्टिरिओ, टायर हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. गाडी आधी घरी आणली आणि मग नुकसान दाखवलं तर ते चोरीतलं होतं हे सिद्ध करता येत नाही. पैसे मिळाल्यावर सापडली तर ती कंपनीची, काकांनी फक्त पोलिसांचा फोन आला की तो कंपनीला कळवायचा.